गोधडीखालचा जनरेटर

"धूर कसा हाय?" वामनरावांनी खाटेवरून विचारलं. नाकातली नळी हलली तसा त्यांना खोकला आला.

"कायाकुट्ट हाय, चुलीवानी," पडवीतून रत्नप्रभाबाई ओरडल्या. "अन् जनरेटर तापला इतका, का हात लावू देत नाही."

आर्णीच्या बाजारातली निम्मी इंजिनं वामनरावांच्या हाताखालून गेली होती. त्या धुरानंच छाती खाल्ली, असं डॉक्टर म्हणाले. आता ऑक्सिजनचं मशीन चालेल तोवर त्यांचा श्वास, आणि लाइन गेली की ते मशीन या छोट्या जनरेटरवर. सकाळी गेलेली लाइन दुपार कलली तरी आली नव्हती.

"ऑइल पाह्यलं?"

"पाह्यलं. बरोबर हाय."

"मंग त्याले हवा भेटून नाही राह्यली. कुठं ठेवला वं तू?"

भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवायचा, ही गावाची रीत. पडवीतल्या त्याच ढिगाआड बाईंनी जनरेटर सरकवला होता.

"कापसाआड. अन् वरून गोधडी टाकली होती," त्या म्हणाल्या. "आवाज कमी होईन, तुमचा डोळा लागन म्हणून."

वामनराव हसले की खोकले, ते कळलं नाही. "त्याले का थंडी वाजते? घर पेटलं असतं. आवाजानं माही झोप मोडत नाही वं, आवाज थांबला का मोडते. आता बंद कर त्याले."

"अन् तुमचं मशीन?"

"जाम झाला तं रातभर काय करशीन? बंद कर. मी काढतो तेवढा वेळ."

बाईंनी बटण बंद केलं. पोत्यावर ठेवून जनरेटर ओढत अंगणात, वायर पुरेल तितका दूर, लिंबाखाली नेला. तापलेलं लोखंड आपल्या वेळेनंच निवतं, त्याला घाई कळत नाही. आतून श्वासाची घरघर ऐकू येत होती. बाईंना राग आला. गावभरची इंजिनं यांनी जगवली आणि आज दारात कुणी नाही. पण रागावत बसायलाही ताकद लागते, ती त्यांच्यात उरली नव्हती.

दात घासायच्या जुन्या ब्रशनं त्यांनी इंजिन गार ठेवणाऱ्या पात्यांमधला कापूस काढला. तेलात भिजून त्याच्या वाती झाल्या होत्या. हवेच्या फिल्टरमध्येही तोच. मध्येच आत डोकावल्या, तर वामनरावांचे ओठ काळपट झाले होते. बोलवत नव्हतं, त्यांनी नुसता हात हलवला. हळू कर, घाई नको.

दोरी ओढली. इंजिन गुरगुरून थांबलं. पुन्हा सगळा जीव लावून ओढली. काळा धूर निघाला, मग पातळ झाला, मग दिसेनासा झाला. आत मशीन सुरू झालं.

दिवेलागणीला लाइन आली. वामनराव गाढ झोपले होते, कितीतरी दिवसांनी. बाईंनी मशीनची पिन अलगद घरच्या बोर्डात लावली. अंगणात जाऊन जनरेटरच्या बटणावर हात ठेवला, आणि तसाच काढून घेतला.

रिकामं इंजिन लिंबाखाली चालत राहिलं. बाई गोधडी अंगावर घेऊन त्याच्याजवळ बसून राहिल्या.