डासोबाला ताप आला

मित्रांनो, हातातली चप्पल आधी खाली ठेवा. मी डास आहे हे खरे, जुना आहे आणि चांगला माणसाएवढा उंचही आहे. पण मी कापडाचा आहे. आजवर कुणालाही चावलेलो नाही. फार तर एकदा माझ्या सोंडेने एका मुलीचा फुगा फुटला होता, आणि त्याबद्दल मला पुरेशी बोलणी खावी लागली.

माझा जन्म एका शिवणयंत्रावर झाला. त्या खोलीत एका भिंतीशी स्वयंपाक चाले, दुसऱ्या भिंतीशी शिवण, आणि मधल्या जागेत पाने-पकडी, पाइपाचे तुकडे आणि रबरी वॉशर पसरलेले असत. घरधनी नळ दुरुस्त करायचे, म्हणून सारी वस्ती त्यांना नळदादा म्हणे. त्यांची बायको कपडे शिवायची. ती सगळ्यांची वहिनी. दिवसभर दादांची जीभ चाले आणि वहिनींचे यंत्र. वहिनी चारचौघांत बोलायला फार लाजत. गिऱ्हाइकाला 'बाही जरा सैल ठेवू का?' एवढे विचारतानाही त्यांचा आवाज सुईच्या नेढ्यातून ओवून काढल्यासारखा बारीक येई.

त्या वर्षी वस्तीत मलेरियाने ठाण मांडले होते. घराघरात कुणी ना कुणी पांघरुणाखाली कुडकुडत होते. दवाखान्यातल्या नर्सताई गल्लोगल्ली सभा घेऊन घसा कोरडा करत होत्या. एक दिवस दादा दवाखान्याचा गळका नळ दुरुस्त करत असताना ताई त्यांना म्हणाल्या, "काय सांगू दादा, मी बोलायला लागले की लोकांना जांभया येतात. माना डोलावतात आणि घरी जाऊन टाकी उघडी ती उघडीच!"

दादा नळाखालून डोके बाहेर काढून म्हणाले, "ताई, नुसतं सांगून कुणी ऐकत नाही. डास दाखवा त्यांना. चांगला थोराड. मी होतो डास!"

झाले. मोडक्या छत्रीच्या काड्यांचा माझा सांगाडा झाला. जुन्या कोटाचे काळे अस्तर माझ्या अंगावर चढले. डोक्याला एक फुटकी टोपली, डोळ्यांना चहाची दोन गाळणी, आणि सोंड म्हणून दादांनी आपल्या पोतडीतला पाइप दिला. पंख मात्र वहिनींनी एका फाटक्या मच्छरदाणीचे केले. डासाला मच्छरदाणीचे पंख! हा विनोद त्यांनी कुणाला सांगितला नाही, शिवता शिवता एकट्याच हसल्या.

नर्सताई मला बघायला आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "वहिनी, पायाचे पट्टे काढा. पट्टे डेंग्यूच्या डासाला असतात. मलेरियाच्या डासाच्या पंखांवर ठिपके असतात, आणि बसताना तो शेपटी वर करून बसतो. शिवाय, हा नर नाही, मादी. चावते ती मादी. नर बिचारा फुलांतला रस पिऊन राहतो."

"म्हणजे काम बायकोनं करायचं आणि यांनी रस प्यायचा," वहिनी पुटपुटल्या. दादांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले.

बुटाच्या पॉलिशने माझ्या पंखांवर ठिपके उमटले. मी मादी झालो, पण वस्तीने माझे नाव ठेवले डासोबा. त्यामुळे व्याकरणात मी आजतागायत पुल्लिंगी आहे. यात माझा दोष नाही.

मित्रांनो, काय दिवस होते ते! शाळेच्या पटांगणात, बाजाराच्या कोपऱ्यावर, पाण्याच्या नळावरच्या रांगेपुढे आमचा खेळ होई. दादा माझ्या आत शिरले की गुणगुणत, गिरक्या घेत लोकांत घुसायचे. "उघडी टाकी माझं माहेर! झाकण लावलं की मी निराधार! आणि ती मच्छरदाणी? ती तर माझी सवत मेली!" बायका तोंडाला पदर लावून हसत. पोरे कागदाचे बोळे फेकून मला बेजार करत. शेवटी सगळी मुले धावत येऊन एका पिंपावर झाकण घालत, आणि मी पाय झाडत, सोंड फिरवत, सावकाश मरत असे. मग नर्सताई पुढे होऊन सांगत : साठलेले पाणी ओता, टाकी झाका, मच्छरदाणीत झोपा, आणि थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा. आता मात्र कुणी जांभया देत नसे. खेळ संपला की दादा घामेजल्या अंगाने लोकांच्या गच्च्यांवर चढत आणि टाक्यांची झाकणे बसवून देत.

अशात एका दुपारी दादा लवकर घरी आले आणि गोधडी ओढून पडले. मी खुंटीवर टांगलेलो होतो. त्यांचे दात वाजत होते ते मला ऐकू येत होते.

वहिनींनी कपाळाला हात लावला. "अहो, चटका बसतोय. चला दवाखान्यात."

"काही नाही गं. उन्हातान्हात गच्च्यांवर चढतो, अंग मोडून येणारच. तापाची गोळी घेतली की झालं."

दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि दादांना हुरूप आला. तिसऱ्या दिवशी पुन्हा हुडहुडी. आता वहिनी हट्टालाच पेटल्या. "रक्त तपासून घ्या. तुम्हीच सगळ्यांना सांगता ना?"

"तेच तर!" दादा कुरकुरले. "डासोबालाच मलेरिया झाला म्हटल्यावर वस्ती हसून हसून मरेल. ताईंची मेहनत पाण्यात जाईल. उद्या शाळेत मोठा कार्यक्रम आहे. तो एकदा पार पडू दे, मग तू म्हणशील तिथं येतो."

वहिनी तेवढ्यावर गप्प बसल्या, याचे त्यांना पुढे किती वाईट वाटले, ते मला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी शाळेचे पटांगण फुलून गेले होते. एका बाजूला रक्त तपासायचे टेबल, दुसऱ्या बाजूला टाकीतल्या अळ्या दाखवणारी काचेची बरणी, आणि मधोमध आमची जागा. दादा माझ्या आत शिरले आणि मी हादरलो. ते अंग नव्हते, पेटलेली शेगडी होती. तरी ते गुणगुणत मैदानात उतरले. "उघडी टाकी माझं माहेर..." पुढचे शब्द त्यांना आठवेनात. मग थंडी भरली. माझ्या छत्रीच्या काड्या एकमेकींवर खडखडू लागल्या, पंख थरथरू लागले. पोरे खूश झाली. "बघा, बघा, डासोबा कसा लटपटतोय!"

मला ओरडावेसे वाटत होते. पण ज्याच्या आवाजाने मी बोलत असे, त्याचाच आवाज गेला होता. दादांचे गुडघे वाकले आणि आम्ही दोघे धाडकन जमिनीवर पडलो.

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला!

"मेला! डासोबा मेला!" मुले नाचू लागली. नर्सताईही क्षणभर गोंधळल्या. त्यांना वाटले, दादांनी खेळात काही नवे घातले असावे. इतक्यात बायकांच्या मागच्या रांगेतून एक आवाज आला, असा खणखणीत की टाळ्या जागच्या जागी थांबल्या.

"थांबा! हे नाटक नाही! माझा माणूस पडलाय!"

त्या वहिनी होत्या. गर्दी कापत त्या धावत आल्या. माझ्या छातीवर त्यांनी स्वतःच्या हाताने टाके घातले होते. त्याच हातांनी त्यांनी मला टर्रकन उभे फाडले आणि दादांना बाहेर ओढले. मित्रांनो, मला तेव्हा दुखले नाही. आपण आणखी लवकर फाटायला हवे होते, एवढेच वाटले.

टेबल पाच पावलांवर होते. दादांच्या बोटातून रक्ताचा थेंब काढला. मलेरियाच निघाला, आणि तोही अंगात चांगला मुरलेला. त्यांना गाडीत घालून मोठ्या रुग्णालयात नेले. मी पटांगणात तसाच पडून राहिलो. मग कुणीतरी माझी गुंडाळी करून मला घरी आणून टाकले. त्या बंद खोलीत मला बातम्या यायच्या त्या खिडकीबाहेरून. "अजून शुद्धीवर नाही म्हणे." "वहिनी पाण्याचा घोटही घेत नाही म्हणे." शिवणयंत्रावर एक अर्धा झगा तसाच अडकून राहिला होता. त्याच्याकडे बघत मी दिवस काढले.

दादा परत आले ते भिंतीला धरून. अर्धे झाले होते, पण जिवंत होते. चार दिवसांत त्यांची जीभ पुन्हा चालू लागली आणि पहिली तक्रार गोळ्यांबद्दल आली. "आता ताप नाही, काही नाही. या गोळ्या उगाच कशाला? तोंड कडूजार होतं."

वहिनी सुपारी कातरावी तसे शब्द तोडत म्हणाल्या, "गळणं जरा थांबलं, म्हणून वॉशर न घालता पाना उचलून घरी येता का तुम्ही?"

दादा निमूटपणे गोळी गिळून मोकळे झाले. डॉक्टरांनी सांगितल्या तितक्या सगळ्या गोळ्या त्यांनी घेतल्या.

त्याच आठवड्यात नर्सताई दादांच्याच गच्चीवर चढल्या आणि खाली आल्या त्या बरणीत वळवळणाऱ्या अळ्या घेऊन. साऱ्या वस्तीच्या टाक्या झाकणाऱ्या नळदादांच्या स्वतःच्या टाकीचे झाकण तडकून अर्धे उडाले होते! ते बदलायला त्यांना सवड झाली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दादांनी माझी गुंडाळी उचलून वहिनींपुढे ठेवली आणि ते म्हणाले, "वहिनीबाई, शिवा याला पुन्हा." चूक झाली की दादा बायकोला असे वहिनीबाई म्हणत.

पुढच्या खेळाला सगळी वस्ती लोटली. बाजूला रक्त तपासायचे टेबलही मांडले होते. दादांनी नेहमीप्रमाणे गिरक्या घेतल्या, आणि अचानक माझे डोके उचलून काखेत धरले. घामाने भिजलेला, खप्पड गालांचा त्यांचा चेहरा लोकांना दिसला.

"हसा," ते म्हणाले. "पोटभर हसा. डासोबाला मलेरिया झाला. तुम्ही हसाल या लाजेनं मी ताप अंगावर काढला. ही बाई ओरडली नसती, तर तुम्ही टाळ्या वाजवत राहिला असतात आणि मी मेलो असतो."

समोर बसलेले एक आजोबा उठले आणि काठी टेकत रक्त तपासायच्या टेबलाकडे गेले. त्यांच्यामागे त्यांची सून. मग रांगच लागली.

पुढे वर्षे सरली. ताप ओसरला, सभा कमी झाल्या, आणि माझी रवानगी दवाखान्याच्या अडगळीच्या खोलीत झाली. मोडका वजनकाटा आणि जुन्या झाडूंच्या मागे मी पडून असे. उंदरांनी माझा एक पाय पळवला. खोटे कशाला बोलू, मला वाईट वाटे. मग स्वतःची समजूत घाली : बाबा रे, लोक तुला विसरलेत, म्हणजे लोक बरे आहेत.

पण रोग मात्र आपल्याला विसरत नाही. पलीकडच्या माळावर मोठ्या इमारती उठू लागल्या. बांधकामाचे पाणी जागोजागी साचले, कामगारांची खोपटी उभी राहिली, आणि तिथे ताप परतला. नर्सताईंचे केस आता पांढरे झाले होते. त्यांनी मला झटकून बाहेर काढले. दादा आले, पण गुडघ्यांनी दगा दिला. माझ्या आत शिरून त्यांना खाली वाकताच येईना.

वहिनी म्हणाल्या, "द्या इकडे. मी शिवलाय तो, मला बरोबर बसेल."

आणि काय सांगू! चेहरा झाकला आणि वहिनींची जीभ सुटली. दादांचा डासोबा फुशारक्या मारायचा. वहिनींचा डासोबा गोड गोड बोलायचा. "अगं, राहू दे ना ते पाणी तसंच. मी काही परकी आहे का?" खोपटांतल्या बायका हसता हसता आपापल्या पिंपांकडे वळून बघू लागल्या.

खेळ संपला. नर्सताईंना लोकांनी गराडा घातला होता. तेवढ्यात माझ्या एका पायाला कुणीतरी हळूच हात लावला. कडेवर मूल घेतलेली एक तरुण बाई होती.

"आत बाई आहात ना?" तिने विचारले.

"हो गं. बोल."

"याला एक दिवसाआड ताप भरतोय. घरचे म्हणतात, उतरेल आपोआप. आता इतका उशीर केला म्हणून डॉक्टर ओरडतील का हो?"

"कुणी ओरडत नाही," वहिनी म्हणाल्या. "आणि ओरडलंच, तर मी चावते त्यांना. आण इकडे त्याला, तुझे हात भरून आलेत."

मला उतरवून ठेवायचेही वहिनींना सुचले नाही. पोराला खांद्यावर घेऊन त्या तशाच चालू लागल्या. भर रस्त्यातून एक भलाथोरला डास मूल घेऊन निघाला होता आणि त्याच्यामागे आई. टेम्पोवाल्याने गाडी थांबवली. कुत्री भुंकत मागे लागली. भाजीवाली तोंडावर हात ठेवून बघत राहिली. पोराचे तापलेले कपाळ माझ्या पंखावर टेकले होते आणि ते माझ्या गाळणीच्या डोळ्यात बोट घालत होते.

दवाखान्याच्या दारात मी अडकलो. माझे पंख रुंद आणि दार अरुंद. वहिनींनी मला तिथेच पायरीवर उतरवले आणि त्या दोघींनी मुलाला आत नेले. मी बाहेर पडून कान देत होतो. थोड्याच वेळात बोटाला सुई टोचली आणि पोराने जोराचे भोकाड पसरले. मित्रांनो, टाळ्या मी पुष्कळ ऐकल्या आहेत, पण त्या रडण्याइतके गोड मला काहीच वाटले नाही. पोर वेळेवर पोहोचले होते. ते बरे झाले.

माझ्याजवळ आता फार टाके उरलेले नाहीत. म्हणून एकच मागणे मागतो. घरातली टाकी झाकाच. पण शेजारीपाजारी कुणी पांघरुणात कुडकुडत असेल, तर त्याला नुसते 'दवाखान्यात जा' असे सांगू नका. कुणी लाजत असते, कुणी घाबरत असते. त्याचा हात धरा आणि सोबत जा. दार अरुंद असले, तर मला बाहेर ठेवा. मी थांबेन पायरीवर.