सरांचा कोट

"गरम असतानाच टाकलंस ना, ताई?" शेजारच्या ओट्यावर काम करणाऱ्या इमासने कपाळावर हात मारला. "विरघळलं की ते!"

वेनिंगने चंबू उचलून उजेडात धरला. तिचे मार्गदर्शक दार्सा सर यांनी जपून ठेवलेल्या जुन्या स्फटिकांतला शेवटचा कण तिने द्रावणात सोडला होता, आणि तो पाहता पाहता दिसेनासा झाला होता. सोयाबीन आंबवून करतात त्या टेंपेला जसं विरजण, तसा तो कण. त्याला धरून बाकीचे स्फटिक जमायचे. पण द्रावण निवल्याशिवाय तो घालायचा नसतो, हे तीच आपल्या विद्यार्थ्यांना शिकवत आली होती. थकल्या माणसाला हातच दगा देतात.

बांडुंगच्या या प्रयोगशाळेत ती केस पांढरे झाल्यावर डॉक्टरेटला आली होती. उद्या रजा संपणार, परत तासिकमलायाच्या कॉलेजात खडू हातात. संयुग बनवायला लागणारं न्यूक्लिओसाइड होतं नव्हतं तेवढं या खेपेला संपलं होतं. ऑक्सिडीकरण झकास झालं होतं, पण शुद्ध स्फटिक हाती आल्याशिवाय पदवीचं नाव काढायची सोय नव्हती. आणि पाठीवर हात ठेवायला सर राहिले नव्हते; गेल्या वर्षीच गेले.

द्रावण निवलं. तळाशी तेलकट थर तेवढा बसला. ओरखड्याला तरी एखादा स्फटिक धरेल म्हणून काचेच्या कांडीने ती चंबू आतून खरवडत राहिली.

"जेवून घे गं आधी. भात गार झाला."

"नको गं. जीव नुसता विटलाय माझा."

बोलता बोलता तिची नजर खुंटीवर गेली. सरांचा पांढरा कोट. वर्षभर तिने तो कुणाला धुवू दिला नव्हता, म्हणून सगळे हसायचे. सरांनी हेच संयुग उभा जन्म खलात घोटलं. बाह्या सदा त्याच भुकटीने माखलेल्या.

ती उठली आणि बाहीची दुमड चंबूच्या तोंडावर हलकेच झटकली.

"अगं बाई! याला शुद्धीकरण म्हणायचं?"

"धूळ मागाहून गाळू. परत विरघळवू, परत स्फटिक पाडू. आधी धरू तर दे."

दोघी बसून राहिल्या. चहा झाला. मग काचेला एक पांढरी सुई चिकटलेली दिसली, तिच्या शेजारी दुसरी, आणि बघता बघता चंबू भरून गेला. इमास टाळ्या पिटत सुटली. वेनिंगला मात्र रडू फुटलं.

दुसऱ्यांदा पाडलेले स्फटिक वाळत घातल्यावर तिने कोट काढून घरी नेला आणि साबणाच्या पाण्यात बुडवला. पाणी जरासं गढूळलं. ते ओतून द्यायला ती बराच वेळ उठली नाही.