पाच दाणे आणि थाळी

मी एक जुनं सूप आहे, मित्रांनो. कड उसवली, पाठ काळवंडली, पण कान अजून शाबूत. गोंडपिपरीच्या एका बुरडाने बांबूच्या कामट्या काढून मला विणलं आणि बाजारातून कांताने मला घरी आणलं. १९८० साली तिची मुलगी कमली पाच दिवसांची झाली, तेव्हा रीतीप्रमाणे तिला माझ्यातच निजवलं. म्हणजे पाळण्याच्या आधीचा मान माझा.

कमली दोन वर्षांची झाली तरी हाकेला वळेना. नवा झगा अंगाला लागला की किंचाळायची. ओल्या गवतावर पाय टेकवायची नाही. मात्र कांता तांदूळ पाखडू लागली की कुठूनही धावत यायची आणि कांताचा हात थांबला की माझ्या पाठीला गाल लावायची. लेकरं सुपाशी खेळतातच, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही.

आमच्याकडे बाळ जन्मलं की थाळी वाजवतात. आजी मनकर्णाबाईंनी तीच पितळी थाळी कमलीच्या मागे बडवली. शेजारचं कुत्रं पळालं, कमली हलली नाही.

"पोरगी बहिरी हाये," आजींनी निकाल दिला. चार वर्षांची झाली की शहरात, बहिऱ्या मुलांच्या वसतिगृहात पाठवायचं ठरलं.

जायच्या दिवशी पेटी भरली. कमली अंगणात पाठमोरी बसली होती.

"बाई, तुमी फक्त तिच्याकडे पाहा," कांता सासूला म्हणाली. मला घेऊन ती आतल्या खोलीत गेली, दार लावलं आणि माझ्यात तांदळाचे पाच दाणे टाकले. पाचच.

कमली उठली. सरळ आली आणि दारावर थापा मारू लागली.

"आता वं माय! थाळी नाई, अन् दाने आयकू येतेत?"

"येतेत. मले केव्हाचं मालूम होतं. काऊन, ते नाई मालूम."

पेटी आजींनीच रिकामी केली.

ते 'काऊन', म्हणजे 'का', कळायला १९८९ उजाडलं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, याला ऑटिझम म्हणतात. कान ठीक आहेत, आवाज, स्पर्श तिला वेगळे जाणवतात. लहानपणी काही दिसलं होतं का, असं त्यांनी विचारलं.

"सुपाले विचारा, डॉक्टरसाहेब," कांता म्हणाली.

मला कोणी विचारलं नाही. पुढे प्लास्टिकचं सूप आलं आणि मला चुलीत घालायचं ठरलं. कमलीने मला उचललं, गाल लावला आणि खुंटीला टांगलं. तिथेच आहे.

मित्रांनो, एखादं लेकरू वळत नसेल, तर थाळी आणखी जोरात बडवू नका. आधी पाच दाणे टाकून बघा.