पोलीस दिसताच हात बाहेर

खिशात पिस्तूल आहे हे माझ्या पोराने, कॉर्नेलने, मला आधी सांगितलं असतं, तर मीच त्याच्या कानाखाली वाजवली असती. कामावरून येताना दोनदा लुटलं म्हणे, म्हणून घेतलं. परवाना नाही. तीन महिने पोरगा कोठडीत. आता सगळं एकाच गोष्टीवर अडलं होतं. पोलिसाने त्याला अडवलं ते रास्त संशयावरून की उगाच? उगाच ठरलं तर झडतीत सापडलेलं पिस्तूल पुराव्यातून बाद, आणि पोरगा घरी. नाहीतर तुरुंग.

अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या त्या कोर्टात बसून मी नुसता गुडघा हलवत होते.

"ओडेसा, गुडघा हलवू नकोस गं, अख्खा बाक हलतोय," माझी बहीण विल्मा कुजबुजली.

"मग उठ आणि उभी राहा!" मी म्हटलं.

ज्याने अडवलं तो पोलीस, ब्रेमर, साक्षीला आला. अगदी कोवळा पोरगा.

"जानेवारीतली थंडी, युअर ऑनर. बसथांब्यावर सगळ्यांचे हात खिशात. याने मात्र माझी गाडी दिसताच हात बाहेर काढले आणि तसेच ठेवले. हातमोजे नाहीत. तासापूर्वीच पलीकडच्या गल्लीत गोळीबार झाला होता. मला वाटलं, हा काहीतरी लपवतोय."

माझं डोकंच फिरलं. मी ताडकन उभी राहिले. "अरे, ते मीच शिकवलंय त्याला!"

"खाली बसा!" जज्जबाई ओरडल्या. विल्माने माझा कोट ओढला. पण आमची वकील, मिस लिंडक्विस्ट, हुशार बाई. तिने परवानगी मागून मला तिथेच साक्षीला बोलावलं.

"काय शिकवलंत?"

"पोलीस दिसला की खिशातून हात काढायचे. बोटं गारठून गेली तरी बेहत्तर. सहा वर्षांचा होता तेव्हापासून शाळेत जाताना रोज वदवून घ्यायचे. आमच्या गल्लीतली प्रत्येक काळी आई हेच शिकवते. हात आत असते तर हेच साहेब म्हणाले असते, हत्यार काढत होता!"

ब्रेमरने मान खाली घातली. जिंकलो, असं वाटलं मला.

जज्जबाईंनी बराच वेळ कागद चाळले.

"बाई, तुम्ही खरं बोलताय यात मला शंका नाही. पण तुम्ही घरात काय शिकवलंत हे या पोलिसाला कसं कळणार? त्याला जे दिसलं, जे माहीत होतं, त्यावरून संशय येणं रास्त होतं. पुरावा ग्राह्य."

कॉर्नेलला न्यायला शिपाई आले, तेव्हा मी कसंबसं म्हटलं, "मीच घात केला रे तुझा. चुकीचं शिकवलं."

"काहीतरीच काय, मा!" तो म्हणाला. "तो पोलीस गाडीतून उतरला तेव्हा त्याने पिस्तूल रोखलं होतं माझ्यावर. हात खिशात असते ना, तर आज तू दफनभूमीत बसून माझ्याशी बोलत असतीस."

मग ते त्याला आत घेऊन गेले.