उलट्या पावलांची म्हैस

दगड दूध देतो असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. मी जनावरांचा डॉक्टर. दूध कोण देतं आणि कुठून देतं, हे मला पुरतं ठाऊक आहे. पण त्या रविवारी सकाळी जवळा बाजाराजवळच्या त्या गावात माझं ऐकतो कोण? शाळेसमोर मांडव, मांडवात भला मोठा पडदा. औंढ्याला दर्शनाला निघालेल्या जीपगाड्यासुद्धा इकडंच वळल्या होत्या. बाया दुधाचे तांबे घेऊन बसल्या होत्या आणि स्टेजवर इतिहासमहर्षी देवव्रत उभे होते, डोक्यावर जरीचा फेटा, गळ्यात कॅमेरा.

"सेनापती भुजंगरावांची समाधी ह्याच मातीत आहे!" ते गरजले. "इतिहासकारांनी दडवली, पंडितांनी दडवली, पण सेनापती झोपलेले नाहीत! भक्तानं वाहिलेलं दूध ते सूर्योदयाला परत देतात. तुमच्या पापी डोळ्यांना ते दिसत नाही. माझ्या कॅमेऱ्याला दिसतं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. अरे वा रे कॅमेरा! डोळ्यांना मोतीबिंदू, भिंगाला दिव्यदृष्टी!

मला हसू आलं असतं, पण मांडवाच्या टोकाला अमृतराव आणि लक्ष्मीबाई बसले होते. बौद्धवाड्यातलं शेवटचं घर त्यांचं, आणि समाधी म्हणून शेंदूर फासलेला तो दगड त्यांच्याच मागच्या भिंतीला लागून. उभा जन्म मजुरीत गेला आणि म्हातारपणी कुठं घरकुलाचं पक्कं छप्पर डोक्यावर आलं. आता महर्षींनी पुस्तकात छापलं होतं की ते घर सेनापतींच्या छातीवर उभं आहे. चित्रपट संपला की ग्रामसभा, ग्रामसभेत ठराव, आणि लगेच घर पाडायचं. जेसीबी शाळेमागं येऊन थांबला होता. सरपंच किसनरावांना तीर्थक्षेत्राची, दुकानांच्या गाळ्यांची स्वप्नं पडत होती.

चित्रपट सुरू झाला. नाव सेनापतींचं, पण आधी किती तरी वेळ चरित्र महर्षींचंच. महर्षी किल्ल्यावर, महर्षी कोर्टाच्या पायरीवर, महर्षींचं पुस्तक जाळणारा जमाव. ज्या गावात जाळपोळ झाली तिथं पुस्तक दुप्पट खपलं, हे काही पडद्यावर आलं नाही. कळमनुरीही आली नाही. तिथं हाच महर्षी देविदास फोटोवाला होता. माझ्या लग्नाचं शूटिंग ह्यानंच केलं होतं.

मग तो प्रसंग आला. शंख वाजला. पडद्यावर तो दगड, त्याच्या वर महर्षींच्या हातात रिकामा तांब्या. खालच्या ओल्या मातीतून दूध निघालं, सरसर दगडावर चढलं आणि धार उचलून थेट तांब्यात शिरलं. मांडवातल्या बाया रडायला लागल्या, पुरुषांनी हात जोडले.

"डॉक्टरसाहेब," शेजारच्या मालनबाईंनी माझी बाही ओढली. "त्या कोपऱ्यात माझी चंद्री दिसून राहिली बघा."

"दिसू द्या मावशी."

"आवो पर ती उलटी काहून चालून राहिली? शेपटाकडून गोठ्यात चालली! ह्यो कोनचा रोग म्हनावा?"

"गप बस ना मालने!" मागून कुणीतरी खेकसलं. "सेनापती परगट होऊन राहिले अन् तुला म्हशीची पडली!"

"म्हशीचीच पडनार! माझं घर तिच्यावर चालतं."

मी कोपऱ्यात पाहिलं. चंद्री खरंच मागं मागं चालली होती. आणि बघता बघता जमिनीवरचा शेणाचा पो उचलला गेला आणि जिथून आला होता तिथं गुपचूप परत गेला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी असलं बद्धकोष्ठ पाहिलं नव्हतं.

आणि मला माझं लग्न आठवलं. देविदासच्या त्या कॅसेटमध्ये आमच्या डोक्यावरच्या अक्षता उडून वऱ्हाडाच्या मुठीत परत जातात. सासऱ्यांच्या तोंडातून आख्खी जिलेबी निघून ताटात बसते. गंमत म्हणून त्यानं फिल्म उलटी फिरवली होती. तीच गंमत आता एका म्हाताऱ्या जोडप्याचं छप्पर काढायला निघाली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"बंद करा ते!" मी उठलो.

"डॉक्टर," किसनराव म्हणाले, "तुमी जनावराचं पाहा. देवाधर्मात काहून पडून राहिले?"

"जनावराचंच पाहून राहिलो, किसनराव! हाच देखावा ह्यांच्या चॅनेलवर आहे. काढा सगळ्यांनी मोबाईल. दगडाकडं बघू नका, उजव्या कोपऱ्यात म्हैस बघा."

भराभर मोबाईल निघाले. मग एक पोरगी फिस्सकन हसली. "आरं, पो वर गेला!" कुणीतरी ओरडलं आणि सगळा मांडव खदखदायला लागला.

"सेनापतींच्या तेजापुढं पशूसुद्धा मागं सरतात!" महर्षी ओरडले.

"आणि शेण?" मी विचारलं. "तेही तेजानंच मागं सरलं काय, देविदास?"

जुनं नाव ऐकताच त्याचा चेहरा पडला. मी थांबलो नाही. सगळ्या गर्दीला घेऊन दगडापाशी गेलो. "लक्ष्मीबाई, घ्या तांब्या. ओता दूध."

त्या मागं सरल्या. "नको बाबा. सकाळीच बजावलं ह्या महाराजांनी, आमी हात लावायचा न्हाई. दगड बाटतो म्हने."

"कोण म्हणतं बाटतो?" माझा आवाज चढला. कुणी पुढं येईना. अखेर मालनबाईंनीच आपला तांब्या त्यांच्या हातात दिला. "वता माय. माझ्या चंद्रीचंच दूध हाय."

लक्ष्मीबाईंनी दूध ओतलं. ते साहजिकच खाली वाहिलं. मी मोबाईलवर टिपलं, तिथंच उलटं फिरवलं आणि किसनरावांच्या हातात दिलं. पोरं रोज रील करतात, त्यात कसली आलीय दिव्यदृष्टी! मोबाईल हातोहात फिरला. प्रत्येकानं पाहिलं, दूध मातीतून उठून दगडावर चढलं आणि लक्ष्मीबाईंच्या तांब्यात शिरलं.

"सेनापती त्यांनाही दूध देतात," मी म्हणालो. "करा आता ठराव."

किसनराव चाचरले. "पर डॉक्टर, समाधीचं पुस्तकात छापून आलं ना..."

तेव्हा अमृतराव पहिल्यांदा बोलले. "किसनराव, ह्यो दगड माह्या बापानं धुन्यासाठी वढ्यातून आनला. गाडी तुमच्याच वाड्यातली व्हती. मी लेकरू व्हतो, पर मला बराबर याद हाय."

"मग आजवर बोलले काहून न्हाई?"

"कुनी इचारलंच न्हाई."

ह्याला म्हणायचं इतिहासकार! पुस्तक लिहिलं, चित्रपट काढला, घर पाडायला निघाला, आणि घराच्या धन्याला एक साधा सवाल विचारला नाही. मी त्याला शोधायला वळलो, तर त्याची गाडी फाट्याकडं धूळ उडवत चालली होती. 'सत्य दडपलं' म्हणून तो आता नवा चित्रपट काढील. तोही कुठं तरी खपेल.

बाबांनो, आपल्या डोळ्यांनी पाहिलं म्हणता, तर पुरतं पाहा. महाराज बोट दाखवतो तिकडंच बघू नका, आजूबाजूला काय चाललंय तेही बघा. शंका आली तर मोठ्यानं विचारा, लोक हसले तरी विचारा. मालनबाईंनी विचारलं, म्हणून एक घर वाचलं.

जेसीबी परत गेला. ठरावाचा विषय कुणी काढला नाही, आणि अमृतरावांची माफीही कुणी मागितली नाही, हेही सांगितलं पाहिजे. दुधावर माशा घोंगावू लागल्या, तशा लक्ष्मीबाई घागर घेऊन आल्या. त्यांनी दगडावरचा शेंदूर खसाखसा घासून काढला, पदर खोचला आणि धुणं आपटायला बसल्या. पाणी दगडावरून खाली वाहत गेलं.