बिडाची जाडी

बारक्या चाळिशी ओलांडलेला, नव्वद किलोचा गडी होता, पण ताईच्या लेखी तो बारक्याच. ती शर्यतीत गाडी पळवायची, हा इंजिनं बांधायचा. सरळ पट्टा, पाव मैल, आठ सेकंदांत खेळ खल्लास. त्या आठ सेकंदांत आपण श्वास घेतो की नाही, हे बारक्याला कधी सांगता आलं नसतं.

आज गॅरेजात दोन इंजिनं स्टँडवर चढवलेली होती, एक साडेसात लिटरचं आणि एक नऊ लिटरचं. पाच वाजता इंजिनवाला टेम्पो घेऊन येणार आणि नको असलेलं परत नेणार होता. ताईचं कधीच ठरलं होतं.

"यंदा या भाड्याच्या साडेसातवर धावले, आणि प्रत्येक शर्यतीत मागे पडले. समोरचे सगळे नऊवर गेलेत. मी काय त्यांना टाटा करायला जाऊ?"

तिचं खोटं नव्हतं. पण नऊ लिटर काही आभाळातून पडत नाहीत. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य ठोकळा, तोच; सिलिंडर आतून कापून मोठे केलेले, म्हणजे त्यांच्या भिंती पातळ. पाच मिलिमीटरच्या खाली गेलेली भिंत ऐन धावेत तडकली, की इंजिन फुटतं, तेल चाकाखाली येतं, आणि मग ब्रेक काय नि स्टिअरिंग काय, सगळं सारखंच. गेल्या वर्षीचं इंजिन असंच कापलेलं होतं, आणि नेमकं तेच झालं. गाडी कठड्यावर आदळली, ताईच्या डाव्या हातात अजून सळई आहे. तेव्हा बारक्या चारचौघांत म्हणाला होता, "भिंती मी स्वतः मोजल्या होत्या. हिनंच वेळेवर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला नाही."

सकाळपासून त्यानं नऊचे आठही सिलिंडर मोजले होते. जेल लावून जाडी मोजायच्या यंत्राचं टोक भिंतीला टेकवायचं. आवाज पलीकडे जाऊन परत यायला जो वेळ घेतो, त्यावरून जाडीचा आकडा दिसतो. सगळीकडे पाच पूर्णांक सात, आठ. झकास. तरी त्याला खात्री करून घ्यायची होती. चार वाजता त्यानं ब्लॉकच्या एका मोकळ्या कडेला साधा व्हर्नियर, दोन जबड्यांत धरून मोजायची पट्टी, लावून पाहिला. चार पूर्णांक सहा. त्याच जागी यंत्र म्हणालं, पाच पूर्णांक सात.

त्यानं यंत्राची सेटिंग उघडली. धातू: पोलाद.

ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. बिडातून आवाज सावकाश जातो, त्यामुळे पोलादावर लावलेलं यंत्र भिंत आहे त्यापेक्षा जाड दाखवतं. आणि पोलाद कुणी लावलं होतं? त्यानंच. गेल्या वर्षी, अपघाताच्या आठवडाभर आधी, गाडीत ताईच्या डोक्याभोवती असलेल्या पोलादी पिंजऱ्याचे पाइप तपासताना. तिला काही होऊ नये म्हणून. त्यानंतर सेटिंग न बदलताच त्यानं इंजिन मोजलं होतं. तो तिथंच टायरवर बसला.

गप्प राहता आलं असतं. नऊ परत पाठवायचं, भिंत पातळ आहे म्हणायचं, संपलं. पण ताई समोर येऊन उभी राहिली. "काय रे, चेहरा का पडलाय?" मग त्यानं सगळं सांगितलं, खाली बघत, पिंजऱ्यापासून पोलादापर्यंत. "तुझा पाय बरोबर होता ताई. चूक माझी होती."

ताईनं वाकून यंत्रावरचं 'पोलाद' वाचलं.

"वर्षभर मी त्या पायाला शिव्या घालतेय," ती म्हणाली. "यंदा प्रत्येक धावेत अर्ध्यावरच पाय काढला मी. भीती वाटायची, पुन्हा उशीर होईल म्हणून. तुला सांगितलं नाही."

बारक्याला क्षणभर समजलंच नाही. मग समजलं. साडेसात कमी पडतच नव्हतं. त्याच्या त्या एका वाक्यानं ताई मागे पडत होती, आणि ती तूट भरून काढायला दोघं मिळून तिला पातळ भिंतीच्या इंजिनावर बसवायला निघाले होते.

"ताई, मी..."

"ते नंतर. अजून मी रागावलेली नाही, पण रागावणार आहे." तिनं यंत्र उचलून त्याच्या हातात दिलं. "यावर बीड लाव आणि साडेसात मोज. मी इथंच उभी आहे."