चेतकचं ठिगळ

आफरीनची सोलापुरात विजापूर वेशीजवळ दातांची लॅब आहे. दात काढायची नव्हे, दात करायची. डॉक्टरांनी पेशंटच्या जबड्याचा साचा पाठवायचा आणि तिनं त्यावरून कवळी करून द्यायची, असा मामला. शहरातल्या कितीतरी म्हाताऱ्यांचा जबडा तिच्या ओळखीचा होता, चेहरा मात्र तिनं कधी पाहिलेला नव्हता. कामाला हात असा की कवळी परत आली, घासून द्या म्हणून निरोप आला, असं वर्षात एखाददुसऱ्या वेळी घडायचं. तेव्हाही चूक साचा घेणाऱ्या डॉक्टरची असायची, आणि हे ती डॉक्टरला तोंडावर सांगायची.

हातातलं काम उरकलं की ती त्याच टेबलावर विमानं करायची. छोटी, मोजूनमापून केलेली, लढाऊ विमानं. नवरा तन्वीर टेम्पो चालवतो. सुरुवातीला तो म्हणायचा की लोकांच्या बायका लोणची घालतात, माझी बाई बॉम्बर घालते. पण पुढं तोच आल्यागेल्याला कपाट उघडून दाखवू लागला. सतरा विमानं झाली होती. दोनतीन डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये काचेआड बसली होती. बघणारा प्रत्येक जण म्हणायचा, "अगदी खऱ्यासारखं."

आणि इथंच आफरीनचं डोकं तडकायचं. खरं पाहिलंय कुणी? आकाशातून जाणारा ठिपका पाहिला असेल, फार तर सव्वीस जानेवारीला टीव्हीवर. ज्यांनी खरं पाहिलंच नाही त्यांच्या शाबासकीला काय चाटायचं? वासरांत लंगडी गाय शहाणी, आणि आपण ती गाय आहोत की खरोखरच शहाण्या आहोत, हे सांगणारा एक माणूस तिला हवा होता. ज्याचा हात खऱ्या यंत्रावरून फिरलाय असा. त्यानं बघावं आणि म्हणावं, हेच ते. बस्स, एवढंच हवं होतं.

तो माणूस उन्हाळ्यात आपल्या पायांनी चालत आला. शहाजी कोळेकर, मंगळवेढ्याकडचा, धनगराच्या घरातला, वय त्रेसष्ट. सैन्यात हेलिकॉप्टरांची दुरुस्ती करण्यात उमेदीची वर्षं घालवून हवालदार म्हणून घरी आलेला. खालची कवळी करायला डॉक्टरकडं गेला, तर कपाटातलं विमान दिसलं. कवळी राहिली बाजूला, हे कुणी केलं म्हणून विचारत तो दुसऱ्या दिवशी लॅबवर पोचला. नाव सांगितल्यावर आफरीनच्या लक्षात आलं की या माणसाचा जबडा कालपासून आपल्या फळीवर आहे.

त्यानं खिशातून एक जुना फोटो काढला. बर्फ, पुढं चार पोरं आणि मागं चेतक हेलिकॉप्टर. पुढं काचेचा मोठा फुगा, तीन चाकं, वर उघडं इंजिन. पुण्याला त्यांचे मेजरसाहेब पंचाहत्तर वर्षांचे होणार होते. जुने सगळे जमणार होते. साहेबांना हेच चेतक द्यायचं, दुसरं कुठलं नको, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. तो फार बोलणारा नव्हता. जाताना फक्त एवढंच म्हणाला की शेपटीवर ठिगळ हाय, तेवढं इसरू नका. फोटोत शेपटीवर एक काळपट चौकोन दिसत होता.

"होईल," आफरीन म्हणाली. आधी हो म्हणायचं आणि मग कसं ते बघायचं, ही तिची रीतच होती.

चोविसाव्या हिश्श्याचं करायचं ठरलं. म्हणजे वरची पाती धरून दीड फुटाला थोडं जास्त. मेणात अंग कोरलं, त्याचा साचा केला आणि त्यात कवळीचाच मसाला ओतला. हा मसाला हिरड्यांच्या रंगाचा असतो. त्यामुळं पंधरा दिवस टेबलावर एक गुलाबी हेलिकॉप्टर उभं होतं आणि तन्वीर रोज विचारायचा की हे कुणाला चावणार आहे. पुढचा काचेचा फुगा तिनं दातांवर बसवायच्या पारदर्शक पट्ट्या काढतात त्या मशीनवर काढला. तीनदा फसला, चौथ्यांदा असा उतरला की पाण्याचा थेंब वाटावा. दात सरळ करायच्या तारांतून इंजिनाच्या नळ्या वळवल्या. खिडकीच्या चौकटी, पायरी, आतल्या सीटचे पट्टे, काही सोडलं नाही.

रंगाची गंमत झाली. शहाजीनं आपली जुनी हत्यारांची पेटी आणून दिली होती. त्याच हेलिकॉप्टरच्या उरलेल्या रंगानं रंगवलेली. दातांच्या छटा ओळखण्यात जन्म गेलेल्या बाईला हिरवा जुळवायला कितीसा वेळ? एका दुपारीत तिनं तंतोतंत जुळवला. राहत नावाची नणंद केक करते, तिची फवाऱ्याची पिचकारी आणली आणि मारला. वाळल्यावर बघते तर हेलिकॉप्टर म्हशीसारखं काळं. रंग तोच, पेटीला लावून बघितला तरी तोच, आणि तरी चूक. ती दोन दिवस स्वतःवर चिडून होती. तिसऱ्या दिवशी गच्चीवर वाळत घातलेली चादर तिनं खाली रस्त्यावरून पाहिली आणि तिला उमगलं. लहान वस्तू म्हणजे लांबून पाहिलेली मोठी वस्तू. लांब गेलं की रंग फिकटतो. तिनं सगळं घासून काढलं, हिरव्यात राखाडी आणि चिमूटभर पिवळा घातला आणि पुन्हा मारला. आता ते टेबलावर असूनही मैदानात उभं असल्यासारखं दिसू लागलं. तिनं स्वतःचीच पाठ थोपटली. तेवढा हक्क तिचा होता. राहतच्या पुढच्या दोन केकांवरची पानं मात्र जरा फौजी निघाली.

ठिगळाला तिनं तीन दिवस दिले. फोटोत नीट दिसत नव्हतं, म्हणून मोबाईलवर हेलिकॉप्टरांच्या दुरुस्तीचे फोटो बघून बघून अभ्यास केला. करंगळीच्या नखाएवढा काटकोनातला पत्रा, कोपरे गोलसर, चारी बाजूंनी बारा रिबिटांचे ठिपके, सगळ्यांत अंतर सारखं. भिंगातून बघितलं तरी बोट ठेवायला जागा नव्हती. सगळ्या कामात तिला जास्त अभिमान या ठिगळाचा होता.

पुण्याला जायच्या आदल्या दिवशी सकाळी शहाजी आला. आफरीननं वरचं फडकं काढलं आणि ती त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. हेलिकॉप्टरकडं बघायची तिला गरज नव्हती.

शहाजी वाकला. काचेच्या फुग्यातून आत बघितलं. सीटचे पट्टे दिसल्यावर हसला. इंजिनाच्या नळ्या एकेक करून बोट न लावता मोजल्या. रंगाला मान डोलावली. शेपटीपाशी आला, थांबला, सरळ झाला.

"लई भारी केलंय ताई," तो म्हणाला. "साहेब खूस हुतील."

हवं होतं ते मिळालं की. पण आफरीनला ते भिडलं नाही. "हेच ते" असं काही तो म्हणाला नव्हता. तो खोक्याची चौकशी करू लागला, गाडीत धक्का लागणार नाही ना ते विचारू लागला, आणि बोलता बोलता त्याची नजर पुन्हा शेपटीकडं गेली. पुन्हा गेली.

"काका," ती म्हणाली, "नवी कवळी बसवली की पेशंट म्हणतो ठीक आहे. पण जीभ एकाच कोपऱ्यात फिरत राहते. तुमची नजर तशी फिरायला लागलीय. कुठं टोचतंय ते सांगा."

शहाजीनं टोपी काढून हातात घेतली. टोचत काही न्हाय, म्हणाला. उलट लई गुळगुळीत हाय.

मग तिनं त्याला खुर्चीवर बसवलं, चहा मागवला आणि एकेक शब्द ओढून काढला. वर बर्फातल्या पोस्टवर एक जवान आजारी पडला होता, त्याला आणायला मेजरसाहेब आणि शहाजी चेतक घेऊन गेले होते. उतरताना वाऱ्यानं एका शेडचा पत्रा उडाला आणि शेपटीत घुसला. नारळाएवढं भोक. दुसरं हेलिकॉप्टर यायला दुसरा दिवस उजाडला असता आणि जवानाला तेवढा वेळ नव्हता. शहाजीनं हातमोजे काढून ठिगळ मारलं, कारण मोजे घालून रिबिट धरता येत नाही. बोटं बधिर झालेली. पत्रा तिरका कापला गेला, एक कोपरा वर राहिला. रंग नव्हता, तर पोस्टच्या पाटीसाठी ठेवलेला काळपट रंग चिंधीनं फासला. मेजरसाहेबांनी बघितलं आणि म्हणाले, कोळेकर, हे तर घोंगडीला मारल्यासारखं ठिगळ मारलंस. आणि बसले, आणि उडवलं. जवान वाचला. पुढं वर्कशॉपात ते ठिगळ बदलायला निघाले तेव्हा साहेबांनी आणखी काही दिवस तसंच राहू द्यायला सांगितलं. फोटो त्या दिवसांतला.

"आधी का नाही सांगितलं?" आफरीनचा आवाज चढला.

"तुमी इचारलं न्हाय," शहाजी शांतपणे म्हणाला. "आन असू द्या की. कुणाला कळतंय?"

"तुम्हाला कळलं ना? आणि साहेबांना कळणार नाही?"

आफरीनला राग त्याचा आला नव्हता. ती डॉक्टरांना ऊठसूट बजावायची की म्हाताऱ्याच्या दातांत फट होती तर कवळीत फट राहू द्या, नाहीतर घरचे त्याला ओळखणार नाहीत. आणि स्वतः काय केलं? न विचारता दात सरळ करून ठेवले. तिनं टोकदार हत्यार उचललं आणि तीन दिवसांचं ठिगळ एका झटक्यात उचकटलं. शहाजी खुर्चीवरून अर्धा उठला.

गोळ्यांच्या पाकिटाचा चकचकीत कागद घेऊन ती वाकडं ठिगळ करायला बसली. पहिलं केलं, ते मुद्दाम वाकडं केलेलं दिसत होतं. दुसरं केलं, तेही तसंच. हात असा तयार झालेला की वाकडेपणासुद्धा नीटनेटका यायचा. तिसरं तिनं चुरगाळून फेकलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला एखादी गोष्ट जमत नव्हती, आणि ती गोष्ट म्हणजे खराब काम.

तिनं कात्री शहाजीपुढं ठेवली. "तुम्ही करा."

तो मागंच सरला. माझ्या हातानं नासंल, म्हणाला, एवढं देखणं काम तुमचं.

"तेव्हा त्या हातानं नासलं होतं का? उडालं ना? करा."

हुकूम ऐकायची सवय जुनी असावी. शहाजीनं तिचं भिंग डोळ्यांवर चढवलं. जाड बोटांत ती इवली कात्री मावत नव्हती. कागद कापला तो तिरका गेला, आणि या वेळी मुद्दाम नव्हे. सुईनं मागून ठिपके उठवले, कुठं जवळ, कुठं लांब. चिकटवताना एक कोपरा वर राहिला. आफरीनचे हात शिवशिवत होते. ते तिनं ओढणीखाली एकमेकांत घट्ट धरून ठेवले. तिनं ठिपके मोजले.

"काका, अकरा झाले. एक जागा मोकळी राहिलीय."

"बारावा बर्फात पडला," शहाजी मान वर न करता म्हणाला. "लई हुडकला. गावला न्हाय."

तिनं काळपट रंग कालवून दिला. त्यानं काडीला कापूस गुंडाळला आणि फासला. रंग ठिगळाच्या बाहेर पसरला, तिच्या त्या दोनदा मारलेल्या, मैदानासारख्या दिसणाऱ्या हिरव्यावर. तिनं ओठ चावला.

रंग वाळला. मग शहाजी उठला. सदरा नीट केला, टोपी घातली आणि टेबलाभोवती एक फेरी मारली. आता बघ्यासारखी नाही. पुढचं चाक, पायरी, इंजिन, पाती, शेपटी, ठिगळ, प्रत्येकाला एका बोटानं हात लावत, ओठांत काहीतरी पुटपुटत. फेरी संपवून तो काचेच्या फुग्यासमोर ताठ उभा राहिला आणि आतल्या रिकाम्या सीटकडं बघून त्यानं अंगठा वर केला. खाली उभं राहून, उड्डाणाआधी, आयुष्यभर केला तसा.

"हेच ते, ताई," तो म्हणाला.

आफरीनला एकदम रडू आलं. तिनं ते लपवलं नाही, ओढणीनं डोळे पुसले आणि खोकं आणायला वळली. तेवढ्यात तन्वीर जेवायला म्हणून आला. हेलिकॉप्टरभोवती फिरला, वाहवा केली, आणि शेपटीपाशी येऊन थबकला. सगळं झक्कास झालंय, म्हणाला, पण हे मागं कुणी बिघडवलं? आणि पुसायला त्यानं बोट पुढं केलं.

"हात लावू नकोस," आफरीन म्हणाली. "तेवढंच खरं आहे. बाकीचं मी केलंय."